शर्करेने चालू होणारे जिवाणू-प्रमोटर आणि परकीय प्रथिनांची निर्मिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई. कोलाय या जिवाणूकडून दुसऱ्या सजीवाचे प्रथिन बनवून घेऊ पाहणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि नवे संशोधक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा भर ॲराबिनोज या शर्करेवर चालणाऱ्या पी-बॅड (ॲराबिनोज पचवणाऱ्या जनुकांपुढील प्रमोटर) प्रणालीवर आहे. लॅक्टोज व ऱ्हॅम्नोज यांचा विचार जेथे आवश्यक तेथे केला आहे. जी शर्करा आपल्या दृष्टीने कळ आहे, ती पेशीच्या दृष्टीने अन्न आहे. पुढील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती वाचताना सतत ध्यानात ठेवावी.

१. शर्करेने चालू होणारा प्रमोटर म्हणजे नेमके काय?

जनुकाच्या आधी असलेला, आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनवणे) कोठून सुरू करायचे ते दाखवणारा डीएनएचा तुकडा म्हणजे प्रमोटर. काही प्रमोटर सतत चालू असतात, तर काही विशिष्ट परिस्थितीतच चालू होतात. एखादी शर्करा पचवण्याची एन्झाइमे ती शर्करा भोवती असतानाच बनवणे जिवाणूला परवडते. म्हणून अशा एन्झाइमांच्या जनुकांपुढील प्रमोटर त्या शर्करेच्या उपस्थितीशी जोडलेले असतात. आपण त्या जनुकांच्या जागी आपल्याला हवे असलेले परकीय जनुक ठेवतो. संवर्ध (माध्यमात वाढणाऱ्या पेशी) पुरेसा वाढेपर्यंत पेशींवर परकीय प्रथिनाचा भार पडत नाही, आणि शर्करा घातली की उत्पादन सुरू होते.

ही कल्पना जनुक-अभियांत्रिकीइतकीच जुनी आहे. १९७७ साली सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचे मानवी संप्रेरक ई. कोलायमध्ये तयार करण्यात आले, तेव्हा त्याचे कृत्रिमरीत्या जोडलेले जनुक लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकसमूहाच्या प्रमोटरखाली, बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या जनुकाला जोडून ठेवले होते.

२. ॲराबिनोज नसताना जनुक बंद कसे राहते आणि ते आल्यावर चालू कसे होते?

येथील सूत्रधार ॲरा-सी हे नियामक प्रथिन आहे. लॅक्टोजच्या बाबतीत नियामक प्रथिन केवळ अडथळा आणते, आणि प्रेरक, म्हणजे जनुक चालू करणारा पदार्थ, आला की बाजूला होते. ॲरा-सी मात्र दोन्ही कामे करते: ॲराबिनोज नसताना दमन आणि असताना उत्तेजन. एलिस एंगल्सबर्ग यांनी १९६५ साली या प्रणालीत धन नियंत्रण (नियामकाने जनुक चालू करणे) असल्याचे मांडले, तेव्हा लॅक्टोज प्रणालीवर काम करणाऱ्या जाकोब आणि मोनो यांच्या दमनाच्या प्रतिमानाचा प्रभाव इतका होता की ही कल्पना स्वीकारली जायला वेळ लागला.

ॲरा-सीचे दोन रेणू जोडीने काम करतात. ॲराबिनोज नसताना या जोडीचे एक टोक प्रमोटरजवळच्या आय-१ या जागेला आणि दुसरे टोक सुमारे २१० बेस-जोड्या दूर असलेल्या ओ-२ या जागेला धरून ठेवते. परिणामी मधला डीएनए वळून त्याचा फास तयार होतो आणि पॉलिमरेजला प्रमोटरवर बसता येत नाही. हा डीएनएचा फास १९८४ साली रॉबर्ट श्लीफ यांच्या गटाने दाखवून दिला. ॲराबिनोज जोडले गेले की ॲरा-सीचा आकार बदलतो, ते ओ-२ सोडून आय-१ शेजारच्या आय-२ वर बसते, फास सुटतो आणि तेच प्रथिन आता पॉलिमरेजला बोलावून घेते. या कामात चक्रीय एएमपी (ग्लुकोज कमी असल्याचा संदेश देणारा रेणू) आणि त्याचे ग्राहक प्रथिन यांचीही मदत लागते. ग्लुकोजचा परिणाम येथूनच सुरू होतो (प्रश्न ७ पाहा).

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. ॲरा-सीचे जनुक प्लास्मिडवर (पेशीतील डीएनएच्या छोट्या स्वतंत्र वर्तुळावर) किंवा गुणसूत्रावर शाबूत नसेल, तर कितीही ॲराबिनोज घातले तरी प्रमोटर चालू होणार नाही. बहुतेक पी-बॅड प्लास्मिडांवर हे जनुक सोबतच असते. परंतु केवळ प्रमोटरचा तुकडा कापून दुसरीकडे हलवणाऱ्यांची येथे हमखास चूक होते.

३. लॅक (लॅक्टोज), ॲरा (ॲराबिनोज) आणि ऱ्हॅम्नोज यांपैकी कोणता प्रमोटर निवडावा?

केवळ भरपूर प्रथिन हवे असेल आणि ते पेशीला घातक नसेल, तर ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) या स्ट्रेनमध्ये (वाणात) टी-७ या विषाणूचा प्रमोटर वापरणे हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. तेथे टी-७ पॉलिमरेजचे जनुक लॅक-यूव्ही-५ प्रमोटरखाली असते आणि ते आयपीटीजी या लॅक्टोजसदृश कृत्रिम प्रेरकाने चालू केले जाते. परंतु लॅक प्रमोटर पूर्णपणे बंद राहत नाही. प्रथिन विषारी असेल, पेशीपटलात बसणारे असेल किंवा थोड्याशा गळतीनेही संवर्ध खुरटत असेल, तर पी-बॅड हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. लुझ-मारिया गुझमन, जॉन बेकविथ आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली या प्लास्मिडांची मालिका प्रसिद्ध केली, ती मुख्यतः या घट्ट नियंत्रणासाठीच.

ऱ्हॅम्नोजचा प्रमोटर बंद असताना तितकाच शांत असतो आणि मात्रेनुसार हळूहळू चढतो. केआरएक्स या स्ट्रेनमध्ये टी-७ पॉलिमरेज ऱ्हॅम्नोजवर चालते. लेमो-२१ मध्ये ऱ्हॅम्नोज घातल्याने टी-७ लायसोझाइम बनते आणि ते पॉलिमरेजला आवर घालते, म्हणजे तेथे शर्करा वाढवली की उत्पादन कमी होते. हा उलटा अर्थ न समजल्यामुळे पुष्कळांचे प्रयोग वाया जातात.

४. ॲराबिनोज घातले, पण पेशी ते खाऊन टाकणार नाहीत का? कोणता स्ट्रेन घ्यावा?

खाऊन टाकतील, जर त्यांची पचनाची जनुके शाबूत असतील तर. ॲरा-ए, ॲरा-बी आणि ॲरा-डी ही एन्झाइमे ॲराबिनोजचे रूपांतर झायल्युलोज-५-फॉस्फेटमध्ये करतात आणि ते पेशीच्या नेहमीच्या चयापचयात मिसळते. एमजी१६५५ किंवा डीएच५-अल्फा अशा स्ट्रेनमध्ये प्रेरण सुरुवातीला जोरात होते. मात्र शर्करा संपत जाते तसे ते ओसरते, आणि कमी मात्रेत तर लवकरच थांबते.

म्हणून पी-बॅडसाठी टॉप-१०, डीएच१०बी किंवा एलएमजी१९४ असे स्ट्रेन वापरले जातात. त्यांना ॲराबिनोज आत घेता येते, पण पचवता येत नाही. टी-७ प्रमोटर ॲराबिनोजने चालवायचा असेल, तर बीएल२१-एआय घ्यावा. त्यात टी-७ पॉलिमरेजचे जनुक ॲरा-बी जनुकाच्या जागेत घातलेले असल्यामुळे पचनाचा मार्ग आपोआप तुटतो. एक उणीव मात्र लक्षात ठेवावी: टॉप-१० मध्ये लॉन आणि ओम्प-टी ही प्रथिने तोडणारी एन्झाइमे शाबूत असतात, तर बीएल२१ कुळात ती नसतात. नाजूक प्रथिनाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो. स्ट्रेनच्या नावावर विसंबून न राहता त्याचा छापील जनुकप्रकार वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

५. प्रयोगशाळेत डी-ॲराबिनोजची बाटली आहे. ती चालेल का?

नाही. ॲरा-सी केवळ एल-ॲराबिनोज ओळखते. ग्लुकोजसारख्या शर्करांचे डी रूप निसर्गात आढळते, या सवयीने पुष्कळजण नकळत डी-ॲराबिनोज मागवतात; ॲराबिनोजचे निसर्गात विपुल असलेले रूप मात्र एल आहे. ऱ्हॅम्नोजही एल रूपातच घ्यावे. काहीही केले तरी प्रेरण होत नाही, अशी तक्रार आली की मी प्रथम बाटलीवरचे लेबल वाचायला सांगतो.

६. ॲराबिनोज किती, केव्हा आणि किती वेळ द्यावे?

सुरुवातीसाठी एक रूढ पद्धत आहे. संवर्ध ३७ अंश सेल्सिअसला, ६०० नॅनोमीटरवरील ओडी (संवर्धाचा दाटपणा दाखवणारे माप) ०.४ ते ०.६ होईपर्यंत वाढवावा, त्याचे सहा भाग करावेत आणि पहिल्या पाचांत अनुक्रमे ०.२, ०.०२, ०.००२, ०.०००२ व ०.००००२ टक्के एल-ॲराबिनोज घालावे. सहावा भाग शर्करेविना ठेवावा. चार तासांनंतर प्रत्येकातील समान ओडीच्या पेशी प्रथिने आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या जेलवर चालवून तुलना करावी. ०.२ टक्के म्हणजे लिटरला २ ग्रॅम, अर्थात सुमारे १३ मिलिमोलर. २० टक्के साठा-द्रावण केले असेल, तर ५० मिलिलिटर संवर्धात ०.५ मिलिलिटर घातल्यावर ही मात्रा मिळते. साठा-द्रावण ऑटोक्लेव्ह करण्याऐवजी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून निर्जंतुक करावे.

सर्वाधिक मात्रा म्हणजे सर्वाधिक उपयोगी प्रथिन, असे समजू नये. पटलातील प्रथिनांच्या बाबतीत किंचित कमी मात्रा आणि जास्त वेळ यांनी अधिक चांगले प्रथिन मिळते. मधल्या मात्रांचा अर्थ लावताना मात्र एक मोठा सापळा आहे. त्यासाठी प्रश्न ९ अवश्य वाचावा.

७. माध्यमात ग्लुकोज घालायला का सांगतात, आणि मग तेच प्रेरणात अडथळा आणते असेही का सांगतात?

दोन्ही विधाने खरी आहेत. ग्लुकोज भरपूर असताना पेशीतील चक्रीय एएमपीची पातळी खाली येते आणि ॲरा प्रमोटरला लागणारी मदत मिळत नाही. ॲराबिनोज आत आणणाऱ्या वाहक प्रथिनांची जनुकेही याच मदतीवर अवलंबून असल्यामुळे शर्करा आत येणेही मंदावते. म्हणून विषारी प्रथिनाच्या बाबतीत आदल्या रात्रीचा संवर्ध आणि आगार प्लेट या दोन्हींत ०.२ टक्के ग्लुकोज घातल्यास गळती आणखी दबते.

प्रेरणाच्या वेळी मात्र तेच ग्लुकोज नको असते. त्यासाठी रात्रीचा संवर्ध ताज्या, ग्लुकोजविरहित माध्यमात निदान शंभरपट पातळ करावा, किंवा पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून, धुऊन, नव्या माध्यमात घ्याव्यात. कार्बनचा स्रोत हवाच असेल, तर ग्लिसरॉल वापरावे. टी-७ आणि लॅक प्रणालीत विनाकारण गळती दिसत असल्यास माध्यमाकडेही पाहावे: दुधातील केसीनपासून बनवलेल्या काही ट्रिप्टोनसारख्या घटकांत लॅक्टोजचा अंश असतो, आणि तो संवर्ध दाट झाल्यावर न मागितलेले प्रेरण घडवू शकतो.

८. महाराष्ट्रातील महाविद्यालयात हा प्रयोग करता येईल का? परवानगी लागते का?

करता येईल, परंतु नियमांच्या चौकटीत. भारतात जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवरील काम पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खालील १९८९ च्या नियमांत येते, आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती असणे व काम तिच्यापुढे ठेवणे अपेक्षित असते. ई. कोलाय के-१२ चे प्रयोगशाळेतील स्ट्रेन कमी जोखमीचे असले, तरी वापरलेला संवर्ध, प्लेट आणि पिपेटची टोके १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याखेरीज टाकू नयेत. शिकवण्यासाठी पी-ग्लो हे प्लास्मिड उत्तम आहे: त्यात जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन ॲराबिनोजच्या प्रमोटरखाली असते. अँपिसिलीन असलेल्या दोन प्लेटांपैकी फक्त ॲराबिनोजच्या प्लेटवरील वसाहती अतिनील प्रकाशात चमकतात. प्रश्न २ मधील सगळी यंत्रणा त्या एका नजरेत विद्यार्थ्यांना पटते, आणि तो क्षण मला आजही तितकाच आनंद देतो.

९. ॲराबिनोज अर्ध्या मात्रेत घातले, तर प्रत्येक पेशी अर्धे प्रथिन बनवेल ना?

बहुतेक वेळा नाही. सिगेल आणि हू यांनी १९९७ साली दाखवले की अपुऱ्या मात्रेत संवर्धात दोन प्रकारच्या पेशी असतात: काही पूर्ण चालू आणि काही पूर्ण बंद. मात्रा वाढवली की प्रत्येक पेशीचे उत्पादन वाढण्याऐवजी चालू पेशींची संख्या वाढते. जेलवर किंवा संपूर्ण संवर्धाच्या मोजणीत मात्र सरासरीच दिसते, त्यामुळे आपल्याला ती सुंदर चढती रेषा वाटते.

याचे कारण वाहकांत आहे. ॲरा-ई आणि ॲरा-एफजीएच हे वाहक ॲराबिनोज आत आणतात, आणि त्यांची जनुकेही ॲराबिनोजनेच चालू होतात. ज्या पेशीत योगायोगाने दोन-चार वाहक आधीच असतात, तेथे थोडी शर्करा शिरते, त्यामुळे आणखी वाहक बनतात आणि आणखी शर्करा शिरते. जिच्यात वाहक नाहीत ती पेशी शर्करेच्या सान्निध्यातही कोरडीच राहते. पचनाची जनुके नसलेल्या स्ट्रेनमध्येही हे घडते, कारण वाहक तेथे शाबूत असतात.

उपाय असा, की ॲरा-ई हे जनुक ॲराबिनोजवर अवलंबून नसलेल्या प्रमोटरखाली ठेवायचे. जे कीसलिंग यांच्या गटाने २००१ च्या सुमारास हे करून दाखवले, आणि सर्व पेशी मात्रेच्या प्रमाणात सारख्या चालू होऊ लागल्या. ज्यांना चयापचयाच्या मार्गातील एन्झाइमांचे प्रमाण काटेकोर जुळवायचे आहे, त्यांनी असा स्ट्रेन घ्यावा. नुसते प्रथिन शुद्ध करायचे असेल आणि ०.२ टक्के मात्रा चालत असेल, तर या प्रश्नाची चिंता करण्याचे कारण नाही. आपल्या संवर्धात नेमके काय घडते हे पाहायचे असल्यास त्याच प्रमोटरखाली हिरवे चमकणारे प्रथिन ठेवून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक करून पाहाव्यात.

१०. ॲराबिनोज घालताच संवर्धाची वाढ थांबते. प्रथिन विषारी आहे असे समजायचे का?

लगेच तसे समजू नये. प्रथम परकीय जनुक नसलेले रिकामे प्लास्मिड त्याच स्ट्रेनमध्ये घालून तोच प्रयोग करावा. तेथेही वाढ थांबत असेल, तर दोष स्ट्रेनमध्ये आहे. ज्या पेशींत ॲरा-ए आणि ॲरा-बी शाबूत आहेत पण ॲरा-डी निकामी आहे, तेथे रिब्युलोज-५-फॉस्फेट साचते आणि ते पेशीला घातक असते. अशा संवर्धात काही वेळाने वाढ पुन्हा सुरू झालेली दिसली, तरी ती बहुधा बदल होऊन आलेल्या पेशींची असते आणि तिच्यावर निष्कर्ष बेतू नयेत. रिकाम्या प्लास्मिडाची वाढ नीट होत असेल, तर मात्र प्रथिनच भार टाकत आहे. मग मात्रा, तापमान आणि प्रेरणाचा काळ कमी करावा.

११. जेलवर प्रथिनाचा पट्टा दिसतच नाही. कोठून शोधायला सुरुवात करावी?

प्लास्मिडापासून. पी-बॅड-१८ या प्लास्मिडमध्ये रायबोसोम (प्रथिन बनवणारा पेशीघटक) बसण्याची जागा नसते, ती आपल्या जनुकासोबत आणावी लागते; पी-बॅड-२४ मध्ये ती असते. हा फरक न पाहता जनुक घातले, तर संदेशवाही आरएनए बनेल पण प्रथिन बनणार नाही. त्यानंतर संपूर्ण जनुकाचा क्रम वाचून वाचनचौकट बरोबर असल्याची खात्री करावी. दाट संवर्धात अँपिसिलीन लवकर नष्ट होते आणि प्लास्मिड गमावलेल्या पेशी पुढे जातात. म्हणून कार्बेनिसिलीन वापरावे आणि जुन्या प्लेटवरील वसाहतीऐवजी ताजी वसाहत घ्यावी. शेवटी प्रतिपिंडाने तपासावे, कारण थोडे बनलेले किंवा तुटून गेलेले प्रथिन कूमासी रंगात दिसत नाही. साखरेशी संबंधित कारणांसाठी प्रश्न ४, ५ आणि ७ पाहावेत.

१२. प्रथिन भरपूर बनते, पण सगळे गाळात जाते. काय करावे?

घडी घालण्याच्या वेगापेक्षा बनण्याचा वेग जास्त झाला की प्रथिनाच्या अविद्राव्य गुठळ्या होतात. तापमान १८ ते २५ अंशांपर्यंत उतरवून रात्रभर प्रेरण करावे. माल्टोज-बंधक प्रथिनासारखा विद्राव्य भाग जोडून पाहावा. ॲराबिनोजची मात्रा उतरवल्याने फायदा होईलच असे नाही, कारण प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे चालू झालेली प्रत्येक पेशी कदाचित पूर्ण वेगानेच प्रथिन बनवत असेल.

१३. लॅक्टोज घालून आपोआप प्रेरण करण्याची पद्धत पी-बॅडला चालते का?

विल्यम स्टुडिअर यांनी २००५ साली मांडलेल्या या पद्धतीत ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज आणि ०.२ टक्के लॅक्टोज एकाच वेळी माध्यमात असतात. ५०५२ हे मिश्रणाचे नाव याच आकड्यांवरून आले आहे. पेशी आधी ग्लुकोज संपवतात, तोवर प्रेरण दबलेले राहते, आणि मग लॅक्टोज आत शिरून टी-७ प्रणाली चालू होते. लॅक्टोजचे खऱ्या प्रेरकात, म्हणजे ॲलोलॅक्टोजमध्ये, रूपांतर व्हायला लॅक-झेड (बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे जनुक) आणि आत यायला लॅक-वाय (वाहकाचे जनुक) लागते. म्हणून ही जनुके नसलेल्या ट्यूनर किंवा टॉप-१० मध्ये ही पद्धत चालत नाही.

पी-बॅडसाठी लॅक्टोजऐवजी ॲराबिनोज घालून तेच तत्त्व वापरता येते, कारण ग्लुकोजचा दाब येथेही तसाच काम करतो.

१४. एकाच पेशीत एक जनुक आयपीटीजीने आणि दुसरे ॲराबिनोजने चालवता येईल का?

येईल, पण परिणाम अपेक्षेपेक्षा कमी येतो. आयपीटीजी ॲराबिनोजच्या प्रमोटरचे प्रेरण दाबते, आणि हे ॲरा-सीच्या पातळीवर घडते. यावर उपाय म्हणून ॲरा-सीमध्ये बदल करून हा विरोध कमी केल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले आहे. साधा मार्ग असा, की आयपीटीजी कमीत कमी मात्रेत द्यावे किंवा दुसऱ्या जनुकासाठी टेट्रासायक्लिनचा प्रमोटर घ्यावा.

१५. दुर्मिळ कोडॉनसाठीचे (ई. कोलायमध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या, अमिनो आम्ल दर्शवणाऱ्या तीन-अक्षरी संकेतांसाठीचे) मदतनीस प्लास्मिड घातले, पण पी-बॅड-३३ सोबत टिकत नाही. का?

कारण दोघांचा प्रतिकृती-आरंभ (प्लास्मिडाची प्रत जेथून बनू लागते ती जागा) एकच आहे. रोझेटा स्ट्रेनमधील असे मदतनीस प्लास्मिड पी-१५-ए या प्रतिकृती-आरंभावर चालते आणि क्लोरॅम्फेनिकॉलला प्रतिकार देते. पी-बॅड-३३ चेही तेच दोन गुण आहेत. एकाच आरंभाची दोन प्लास्मिडे पेशीत एकत्र टिकत नाहीत, आणि प्रतिजैविक एकच असल्यामुळे कोणते गेले हेही कळत नाही. पी-बॅड-१८ किंवा पी-बॅड-२४ वापरावे, अथवा जनुक ई. कोलायच्या पसंतीच्या कोडॉनांत पुन्हा लिहून बनवून घ्यावे. आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन सर्वाधिक त्रास देतात.

१६. जिवाणूत बनलेले मानवी प्रथिन मूळ प्रथिनासारखेच असेल का?

अमिनो आम्लांचा क्रम तोच असेल. पुढची सजावट नसेल. सामान्य ई. कोलाय प्रथिनांवर मानवी पेशीसारख्या शर्करा-साखळ्या चढवत नाही. डायसल्फाइड बंधही (प्रथिनाचे भाग जोडणारे गंधकाचे बंध) पेशीद्रवात सहसा बनत नाहीत, म्हणून प्रथिन दोन पटलांमधल्या पोकळीत पाठवावे किंवा पेशीद्रवातच असे बंध बनू देणारा शफलसारखा स्ट्रेन वापरावा. इन्सुलिनला शर्करा-साखळ्या लागत नाहीत, आणि म्हणूनच १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले पुनर्संयोजित औषध ई. कोलायमधून येऊ शकले.

१७. फ्लास्कमध्ये उत्तम चालले, पण फर्मेंटरमध्ये प्रेरण मंदावले. चूक कोठे असावी?

पुरवठ्यात पाहावे. ग्लुकोज संवर्धात साचू न देता जेवढे खपते तेवढेच थेंबाथेंबाने दिले, तर दमन फारसे होत नाही. पुरवठा खपापेक्षा थोडा जरी पुढे गेला, तरी प्रमोटर दबतो. प्रेरणाच्या सुमारास संवर्धातील ग्लुकोज मोजून ते शून्याजवळ असल्याची खात्री करावी, किंवा सुरुवातीपासूनच ग्लिसरॉलवर जावे. स्ट्रेन ॲराबिनोज पचवणारा असेल, तर एकदाच घातलेली मात्रा दाट संवर्धात फार लवकर संपते, म्हणून ॲराबिनोजही पुरवठ्याच्या द्रावणात मिसळून सतत द्यावे लागते. न पचवणाऱ्या स्ट्रेनमध्ये एकच मात्रा पुरते, मात्र आकारमान वाढत गेल्याने ती पातळ होत जाते, याचा हिशेब आधीच करून ठेवावा.